अडवून ठेवलेलं पत्र

दादा शेवटचा भेटला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. थायरॉइडचा कर्करोग श्वासनलिकेपर्यंत पोचला होता, गळ्यात नळी होती. खिशातल्या लाल टॅगच्या पाठीवर त्यानं लिहिलं, 'सोहमचा गळा डॉक्टरला दाखव.' सोहम माझा मुलगा, नऊ वर्षांचा. मला हसूच आलं. "अरे, आइस्क्रीम खाऊन साधा खोकला झालाय त्याला," म्हटलं. दादानं तेच वाक्य पुन्हा गिरवलं... मग पेन खाली ठेवलं. दोन दिवसांनी तो गेला.

लाल टॅग त्याच्याकडे कायम असायचे. लातूरहून येऊन तो चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागला, जवळच निघोज्यात घर बांधलं. एक पार्ट सदोष निघाला की त्याच्यासोबत बनलेल्या सगळ्या मालाला, म्हणजे अख्ख्या लॉटला, लाल टॅग लावायचा आणि तपासून होईपर्यंत एकही पुढे जाऊ द्यायचा नाही, हे त्याचं काम. टॅगवर लॉट, कारण, निर्णय असे रकाने. उरलेले टॅग घरी आणून त्यांच्या पाठीवर भाजीची यादी करायचा. शिफ्टचे साहेब गाडी भरायची घाई करायचे, पण दादा ढिम्म हलायचा नाही. "सुनी, एक पीस खराब निघाला की बाकीच्यांवर बी भरवसा ठेवायचा नसतोय बघ. वरडणारा वरडू दे." मी त्याला खडूस म्हणायचे. मनातून फार अभिमान वाटायचा.

चौदावा झाल्यावर दवाखान्याची फाइल आवरताना मला डॉक्टरांचं पत्र सापडलं. दोन वर्षांपूर्वीचं. हा कर्करोग जनुकातल्या दोषामुळे झालाय, तो वंशपरंपरेनं येतो, तेव्हा भावंडांची आणि मुलांची तपासणी ताबडतोब करावी. लहानपणीच कळलं तर ग्रंथी काढून रोग टाळता येतो. आमची आई गळ्याच्या गाठीनंच गेली होती. हे सगळं दादाला ठाऊक होतं आणि तो गप्प बसला. वहिनीनं पत्र बघताच ओळखलं. "पल्लवीला स्थळं येत होती, ताई... ह्यांनी मला शपथ घातली होती." पल्लवी त्यांची एकुलती एक. मी खूप ओरडले, पण ज्याच्यावर ओरडायचं तो भिंतीवरच्या फोटोत हार घालून हसत होता.

माझा रिपोर्ट आलाय. दोष माझ्यात आहे, गाठही आहे. सोहमकडे तो गेला असण्याची शक्यता निम्मी. त्याचं रक्त दिलंय. शाळेच्या शर्टाचं वरचं बटण लावताना माझी बोटं त्याच्या गळ्यावरून फिरतात, तो म्हणतो, "आई, गुदगुल्या होतात." दोन वर्षांपूर्वी तो सात वर्षांचा होता रे, दादा! तुला माफ करायला मला जमत नाही. आणि हे रडगाणं ऐकवायला तुझ्याशिवाय कुणी नाही.

पल्लवीनंही रक्त दिलं. ठरत आलेल्या स्थळाला तिनं स्वतःच फोन करून सांगितलं. तिकडून पुन्हा फोन आला नाही. "आत्या, माझं नाव घालून लिही," म्हणाली, म्हणून हे लिहिते आहे.

ते पत्र माझ्या कपाटात आहे. त्याला दादानं दोऱ्यानं लाल टॅग बांधलाय, तो मी सोडलेला नाही. रकाने त्याच्या सुबक अक्षरात भरलेत. लॉट : आई, मी, सुनी, पल्लवी, सोहम. कारण : रिकामं. निर्णय : पल्लवीच्या लग्नानंतर.

सोहमचा रिपोर्ट सोमवारी मिळणार आहे.