वाळूवरचा वाटा

नव्या वस्तूवर झटकन विश्वास टाकणारा आणि नव्या माणसावर मुळीच न टाकणारा गृहस्थ आमच्या मामेसासऱ्यांशिवाय अख्ख्या सिंधुदुर्गात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो त्यांनीच पढवलेला असेल. माझ्या बायकोचे हे मामा तीस वर्षं मालवाहू जहाजांवर वायरमन होते. निवृत्त होऊन मालवणजवळच्या आपल्या गावी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर येऊन राहिले, तेव्हा विश्रांती घेतील अशी मामींची भाबडी समजूत होती. पहिल्याच महिन्यात त्यांनी उन्हावर भात शिजवणारी पेटी आणली. तो भात दुपारी तीनला शिजला आणि साडेतीनला मामींनी चुलीवर दुसरा लावला. मग माडाला आपोआप पाणी सोडणारं यंत्र आलं, त्याने माड सोडून शेजाऱ्यांचं अंगण शिंपलं. मामा कधी खचले नाहीत. "यंत्राक दोष देव नको," ते मला म्हणायचे, "तेका अजून आपली सवय जावक नाय." माणसाला मात्र ते अशी सवलत देत नसत. नवीन दूधवाल्याचं माप त्यांनी सहा महिने रोज तपासलं आणि सातव्या महिन्यात त्याच्या लग्नात आहेर केला.

अशा माणसाच्या कानावर क्रिप्टो हा शब्द पडला आणि मामींच्या नशिबात जे व्हायचं ते झालं. गोव्यात कुणीतरी टाकून दिलेलं, ही संगणकातली नाणी खणायचं एक जुनं मशीन मामा टेम्पोत घालून घेऊन आले आणि रिकाम्या गोठ्यात त्याची स्थापना केली. त्याचे पंखे सुरू झाले की अंगणात उभ्या माणसाला आपलंच बोलणं ऐकू येत नसे. शेजारच्या म्हशीने दोन दिवस दूध दिलं नाही. पहिलं वीजबिल घेऊन वीजमंडळाचा माणूस स्वतः आला, कारण आकडा चुकलाय अशी त्याची खात्री होती. आकडा बरोबर होता. महिनाभर गर्जना करून त्या मशीनने जे मिळवलं त्यात बिलाचा एक कोपरासुद्धा भागला नसता. मी कसालच्या शाळेत गणित शिकवतो, तेव्हा हा हिशेब मामांना समजावून सांगणं माझं कर्तव्य होतं. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि उलट मलाच शिकवायला बसले.

"जावयबापू, तुमी रापण बघितलास ना?" ते म्हणाले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं ते अवाढव्य जाळं. होडी ते अर्धगोलात टाकून येते आणि मग पन्नाससाठ माणसं दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ओढत ते वाळूवर आणतात. "ह्या मशीनचा तसाच आसा. जगातली माणसा एकच जाळा वोडतत. आपली दोरी बारीक, म्हणान आपलो वाटो बारीक. पण वाटो मेळता, ता महत्त्वाचा." मशीनचा खरा उपयोग सुचला तो मामींना. मे महिन्यात आठवडाभर मळभ राहिलं आणि सगळ्या गावाची कोकमं बुरसायला लागली, तेव्हा त्यांनी आपली कोकमाची सोलं सुपांत पसरून गोठ्यात मशीनच्या गरम वाऱ्यापुढे मांडली. तिसऱ्या दिवशी ती अशी खडखडीत वाळली की गावातल्या बायका सुपं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. त्या मोसमात गोठ्याने जे काही कमावलं ते मामींच्या सोलांनी. मामांनी मात्र सगळं श्रेय मशीनला दिलं.

खणणं परवडत नाही हे कळल्यावर मामांनी तंबाखू सोडली. दोन्ही गोष्टींचा संबंध असा, की तंबाखूवर जाणारे पैसे ते दर महिन्याला नाणं विकत घेण्यात घालू लागले. एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही. भाव वर गेला की मामी विचारायच्या, "विकलास?" खाली आला की विचारायच्या, "बुडालास?" दोन्हींचं उत्तर मामा एकच देत, "तंबाखू खाल्ली आसती तर थुकून टाकलंय असतंय." गावात मात्र त्यांच्या या उद्योगाची कीर्ती अशी पसरली, की मोबाइलवरच्या पैशांबाबत त्यांचा शब्द म्हणजे देवाचा कौल मानला जाऊ लागला. आणि नेमकं तेच पुढे कामाला आलं.

झालं असं, की गावच्या रापणीचं जाळं खडकाला लागून उभं फाटलं. सांधून सांधून त्यात जाळ्यापेक्षा गाठीच जास्त झाल्या. नव्या जाळ्यासाठी रापणकऱ्यांनी तीन वर्षं प्रत्येक ओढीमागे एक वाटा बाजूला काढून पैसे साठवले होते. अजून थोडे कमी पडत होते, आणि तेवढ्यात शहरातून एक तरुण आला. पांढराशुभ्र शर्ट, वाळूत रुतणारे बूट आणि तोंडात खडीसाखर. त्याच्या कंपनीचं स्वतःचं नाणं होतं, ते आठ महिन्यांत दुप्पट होणार होतं, आणि जो आणखी दोघांना आणील त्याला वर बक्षीस. रापणीचा कारभार बघणारा बाबल पार विरघळला. दुपटीत जाळंही येत होतं आणि होडीला नवं इंजिनही. किनाऱ्यावरच्या मांगरात, म्हणजे होड्या ठेवायच्या त्या छपराखाली, सगळे जमले. पैशांची पिशवी बाबलच्या मांडीवर होती. सगळ्यांनी मामांकडे बघितलं. मी त्या दिवशी तिथे होतो, आणि नव्या वस्तूला मामा नाही म्हणत नाहीत हे मला ठाऊक होतं. पिशवी गेली असती तर पुढच्या मोसमात त्या साठ घरांच्या हाताला ओढायला दोरीच उरली नसती.

मामांनी खिशातून पाच हजार काढून त्या तरुणाच्या हातात ठेवले. "माझे पयले घाला." त्याने ते आनंदाने खिशात घातले आणि मामांच्या फोनवर ॲप उतरवून दिलं. चहा पिऊन होईस्तोवर पाच हजारांचे पाच हजार चारशे झालेले फोनवर दिसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबल पिशवीची गाठ सोडू लागला.

"बरा झाला," मामा म्हणाले. "आता ह्यातले दोन हजार माका परत देवा."

तरुण हसला. "काका, सहा महिने काढता येत नाहीत. लॉक असतात."

"बरा. मग एक हजार देवा."

"तसं करायचं तर आधी फी भरावी लागते. दीड हजार."

बाबलचा हात गाठीवरच थांबला. मामा उठले. "आमच्या रापणीत मासो वाळूत इलो की थयच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाटो होता," ते म्हणाले. "फाल्या नाय, सहा म्हयन्यांन नाय. आणि वाटो घेवक कोणी पैसे भरणा नाय. तुमचो हो खंयचो मासो, जो फोनात दिसता आणि टोपलेत येणा नाय?"

मग त्यांनी स्वतःच्या फोनवर चारदा बोट फिरवलं आणि आपल्याकडचं थोडं नाणं सगळ्यांसमोर विकून दाखवलं. संध्याकाळच्या आत त्याचे पैसे बँकेत आले, ते बाबलने स्वतः पासबुकात बघितलं. "ह्या खऱ्या नाण्यातसुद्धा बुडूची तयारी ठेवूची लागता," मामांनी विकता विकताच सांगितलं. "म्हणान मी तंबाखूचे पैसे घातलंय, जाळ्याचे न्हय."

तोवर रापणकरी कुणी न सांगता जागचे उठले होते आणि त्या तरुणाभोवती अर्धगोलात उभे राहिले होते, दोन्ही टोकं समुद्राकडे. त्यांना तसंच उभं राहायची सवय. त्या तरुणाने मामांचे पाच हजार मुकाट्याने मोजून परत दिले आणि बूट हातात घेऊन गेला. पुढे घाटाजवळच्या एका गावात ते दुप्पट होणारं नाणं किती जणांना घेऊन बुडालं ते कानावर आलं, तेव्हा बाबलने मामांच्या दारात अख्खी सुरमई आणून ठेवली. दिवाळीनंतर नवं जाळं आलं. पहिल्याच ओढीत बांगडा असा लागला की दोऱ्या ओढायला पोस्टमन आणि देवळाचे पुजारीही धावले. वाळूवर वाटे पडले, त्यातला पहिला मामांचा. मामांनी तो मशीनच्या नावाने स्वीकारला आणि मामींनी सगळ्या आळीला बांगड्याचं तिखलं खाऊ घातलं. त्या दिवसाइतके ताठ चालताना मी मामांना कधी बघितलं नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. मामांच्या नाण्यांची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द होते. फोन हरवला तरी ते ओळीने घातले की नाणी परत मिळतात. असे शब्द एका कागदावर लिहून कुलपात ठेवायचे असतात. मामांनी त्यांचे वाटे केले. एका चतुर्थीला घरच्या बारा जणांना एकेक करून देवघरात बोलावलं, प्रत्येकाला एक शब्द दिला आणि कागद निरांजनावर जाळला. पाचवा माझा, सातवा मामींचा. "माका ह्यो इंग्लिश शब्द ध्यानात कसो रवतलो," मामी कुरकुरल्या, पण कुणालाही तो त्यांनी सांगितला नाही. गेल्या हिवाळ्यात मामी गेल्या. दोन महिन्यांनी दोरी ओढता ओढता मामांचा फोन समुद्रात पडला.

मे महिन्यात सगळे जमले. नाण्याचा भाव तेव्हा बराच चढलेला होता. अकरा जणांनी अकरा शब्द सांगितले, सातव्या जागी रेघ राहिली. सगळे हळहळले. मी मामांना शोधत गोठ्यात गेलो. मळभ होतं, मशीन घरघरत होतं आणि मामा एकटेच सुपातली सोलं परतत बसले होते. मी म्हटलं, "मामा, शब्द वाटले तुम्हीच. तुम्हाला तरी आठवायला हवा होता."

"अकरा कधीच इसारलंय," ते सुपातून मान वर न करता म्हणाले. "तिचो तेवडो ध्यानात आसा."

"मग सांगा ना," मी म्हटलं.

"रापणीत कोण येवक शकलो नाय तरी तेचो वाटो बाजूक काढून ठेवतत, जावयबापू. दुसऱ्यान तेका हात लावचो नसता." त्यांनी एक सोल उचलून वाळलं का ते दाबून बघितलं. "तो तिचो वाटो. रवांदे."

मी त्यांच्याजवळ बसलो आणि दुसरं सूप पुढ्यात ओढून परतायला घेतलं. मामींसारखं काही आम्हाला जमत नव्हतं.