बाहेर निघालेली पावलं

सकाळचा चहा अजून घशाखाली उतरला नव्हता, तेवढ्यात शाहीनबाजींचा फोन आला. पुंडलिकनगरात आमच्या अक्काच्या शेजारी राहतात त्या. "बाई, जल्दी आओ. अक्का उठरी नै," एवढंच बोलल्या आणि रडायला लागल्या. मी गारखेड्यातून रिक्षानं पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. सुखाचं मरण आलं म्हणून लोक माझी समजूत घालत होते. मला मात्र आधी आठवलं ते हे, की ज्या गोष्टीला ती इतकी वर्षं घाबरली ती काही तिच्या वाट्याला आली नाही... आणि मग मी रडले.

ती गोष्ट म्हणजे आईचा आजार. आईची शेवटची वर्षं अक्काच्याच घरात गेली. सगळ्यांची जेवणं झाल्यावर आई पुन्हा भाकरीचं पीठ मळायला बसायची, तिथून सुरुवात झाली. पुढं एक दिवस तिनं अक्कालाच विचारलं, "बाई, तू कोणाची गं?" अक्कानं उत्तर दिलं, "तुझीच," आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. आईचं सगळं करता करता, आपल्यालाही हेच होणार या धास्तीनं ती तेव्हापासून स्वतःच्या डोक्याच्या मागंच लागली. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, "येतं तेच करत बसू नका, येत नाही ते शिका." झालं! शब्दकोडी बंद. ती तर तिला डोळे मिटून सुटायची. कॅरम आला, दारात रोज नव्या ठिपक्यांची रांगोळी आली, आणि शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली ही बाई पाटी घेऊन बाजींकडं उर्दू शिकायला जायला लागली. बाजी फार कडक मास्तरीण. "अक्का, नुक्ता किदर गया? खा लिए क्या?" असं, अक्षराचा एखादा ठिपका राहिला की भर अंगणात ओरडायच्या. आयुष्यभर पोरांचे कान पिळलेली माझी बहीण मान खाली घालून ऐकून घ्यायची. मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू!

मग गेल्या वर्षीच्या महालक्ष्म्या आल्या. फाटकापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं काढायचा मान अक्काचा. मूठ उमटवायची, वर बोटानं पाच ठिपके द्यायचे. लहानपणापासून काढत आलेली पावलं ती. मी पोचले तर तिची सून दारात पांढरीफटक उभी. सगळ्या पावलांची बोटं फाटकाकडं होती. लक्ष्मी घरात येण्याऐवजी घरातून बाहेर निघाली होती.

अक्का हसली. "उर्दूचा परिणाम! उलट्या बाजूनं सुरुवात करायची सवय लागली बघ. देवघरापासून काढत आले अन् आपला हात चालत राहिला." बाजी पोट धरून हसल्या, सुनेनं गुपचूप सगळं पुसलं. नवी पावलं मी काढली. अक्का पायरीवर बसून एकटक माझ्या बोटांकडं बघत होती. तिचं हसणं कधीच थांबलं होतं.

दुपारी सवाष्णी जेवून गेल्यावर तिनं मला आतल्या खोलीत ओढलं. "खरं सांग, ही उर्दूची चूक हाय का आईची?"

मी तिला कॉटवर बसवलं.

"पोरं सांगणार नाहीत मला. लाजतील. तू सांगायचं. रोज इचारत जा."

तेव्हापासून रोज सकाळी मी तिला फोन करायचे. काल भाजी कोणती केली? दौलताबादच्या सहलीत कोण घसरून पडलं? आईच्या तिन्ही बहिणींची नावं सांग. ती धडाधड उत्तरं द्यायची. मी "बरोबर" म्हणाले की सुस्कारा टाकायची, तो मला इकडं ऐकू यायचा. मग म्हणायची, "आता तू सांग." मी म्हणायचे, "माझं डोकं ठणठणीत आहे, तू तुझं बघ." गेली त्याच्या आदल्या सकाळीही तिचं एकही उत्तर चुकलं नाही. उर्दूनं तिला राखलं, की तिला काही झालंच नव्हतं आणि ती उगाच धास्तावली, कोण जाणे. कधी वाटतं, अजून थोडी जगली असती तर... आणि तो विचार मी तिथंच थांबवते.

तिला जाऊन आता काही आठवडे झाले. चहा झाला की हात अजून फोनकडं जातो. परवा मेथी निवडता निवडता म्हटलं, चला, आज आपणच आपली परीक्षा घेऊ. सरूमावशी, कमळमावशी... आणि तिसरी? तिचा चेहरा दिसत होता, कपाळावरचं गोंदण दिसत होतं, पण नाव येईना. मेथी तशीच पडून राहिली. रिकाम्या घरात मी मोठ्यानं विचारलं, "अक्का, तिसरी कोण गं?"

संध्याकाळी दिवा लावताना नाव आठवलं. अनसूया. अनसूयाच असावं. पण बरोबर म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही.