रोटर आधी वाच

लातूरच्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ तपासत उभी होते, तेव्हा काकूंचा फोन आला. "काका गेले गं. ये." एवढंच. नांदेडच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं, की याचा जाब कुणाला विचारायचा हे मी मनातल्या मनात शोधते आहे. माझे वडील चळवळीतले. मी वाचायला शिकले ती पत्रकांच्या घड्या घालता घालता. काही वाईट घडलं की आधी जबाबदार कोण ते ठरवायचं, मग खाली मागण्या लिहायच्या, ही आमच्या घरची रीत. त्या दिवशी लातूर ते नांदेड मी शोधत राहिले. डॉक्टर भले होते, औषधं वेळेवर मिळाली होती, कुणी हयगय केली नव्हती... जाब विचारता येईल असं एकच माणूस सापडत होतं, आणि ते खिडकीशी बसून प्रवास करत होतं.

नांदेडजवळ विष्णुपुरीला शिकत असताना मी हनमंते काकांच्या माडीवर भाड्यानं राहायला आले आणि शिक्षण संपल्यावरही तिथंच राहिले. काका किनवटकडच्या एका खेड्यातले, लष्करात हेलिकॉप्टरच्या इंजिनांचे मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर नांदेडला घर बांधलं आणि पाचेक वर्षांत साखरेनं त्यांचे दोन्ही डोळे नेले. पुण्यातल्या मुलानं वडिलांचा वेळ जावा म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर हेलिकॉप्टरचा सिम्युलेटर बसवून दिला. काकू म्हणाल्या, "बापाला दिसत न्हाई, हे इसरला काय लेकरू?" पण काकांनी वाट काढली. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडता येते, तिच्यात इंजिनाचे आणि वरच्या पंख्याचे आकडे सतत पळत असतात. पंखा, म्हणजे रोटर, किती टक्के वेगानं फिरतोय. इंजिन किती जोर लावतंय, म्हणजे टॉर्क. आतलं तापमान किती. तेलाचा दाब किती. "तुला दिसतंय न्हवं? मग वाच," काका मला म्हणाले.

मी साफ नाही म्हटलं होतं. युद्धाच्या यंत्राचे आकडे मी वाचणार नाही, असं बरंच काही बोलले. काका ऐकून घेत हसले. "पुरात झाडावर अडकलेली माणसं आमच्याच यंत्रानं उतरवली, पत्रकवाल्या बाई. त्यांनी न्हाई इचारलं हे कशाचं यंत्र हाय ते. वाच."

मग रोज चार वाजता चहा झाला की आम्ही बसायचो. हेलिकॉप्टर तोललेलं ठेवायचं काम कॉम्प्युटरकडे, काकांच्या हातात फक्त जोर कमी-जास्त करायचा दांडा. मी आकडे वाचायचे, ते मान तिरकी करून ऐकायचे. सुरुवातीला मी घोषणा दिल्यासारखी वाचत होते. "मोर्चात हायस का? सावकाश. आन रोटर आधी वाच. पंखा हाय तर सगळं हाय. मग टॉर्क, मग तापमान." एकदा ते दवाखान्यातून थकून आले होते. दांडा जास्त ओढला गेला आणि पंखा ब्याण्णववर घसरला. मला तो आकडा त्यांना ऐकवावासा वाटेना. मी शंभर वाचला. टॉर्क आणि तापमान मात्र होतं तसं वाचलं. काकांचा हात थांबला. "इंजिन तोंडाला फेस येऊस्तोवर वढून राहिलंय, तापमान पार शेवटाला टेकलंय, आन पंखा शंभरावर? पुन्हा वाच." मी खरा आकडा वाचला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, आकडा कधी एकटा नसतो. एक बदलला की बाकीचे चुगली करतात."

त्यानंतर माझी पत्रकंही ते ऐकू लागले. मी मोठ्या तावातावानं वाचायचे आणि ते मधेच अडवायचे. "इतकी पोरं शाळेतून गळाली म्हणतेस. मुळात होती किती?" मी चिडायचे, मग जाऊन माहिती काढायचे. माणसांना खरं कळलं पाहिजे, तो त्यांचा हक्क आहे, हे वाक्य मी कितीतरी पत्रकांत लिहिलं असेल...

या पावसाळ्याच्या शेवटी मूत्रपिंडं हात टेकू लागली. डायलिसिस काकांनी आधीच नाकारलं होतं. एकच इच्छा उरली होती, किनवटला थोरल्या बहिणीकडे जाऊन चार दिवस राहायचं. आक्कानंच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. रक्ताचा रिपोर्ट मी आणला तेव्हा ते पलंगावर उठून बसले. "आकडा लई वाढला असंल तर उद्याच निघू. न्हाई तर जरा थंडी पडू दे, मग जाऊ. वाच."

मूत्रपिंडांची तब्येत सांगणारं क्रिएटिनिन नऊच्या वर गेलं होतं. मी चार वाचलं.

का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मागं काकू तांब्या घेऊन उभ्या होत्या. तशा अवस्थेत काकांना किनवटचा रस्ता झेपेल का, अशी भीतीही वाटली. जीभ वळली, बस्स. काकांनी विचारलं, "युरिया?" तो मी खरा वाचला. "पोटॅशियम? हिमोग्लोबिन?" तेही खरे. ते बराच वेळ मान तिरकी करून बसले. मग म्हणाले, "बरं. थंडी पडल्यावर जाऊ मग." आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

बाराव्या दिवशी ते गेले.

जलदान विधीला आक्का आल्या होत्या, गुडघे धरत. पंचशील झालं, जेवणं झाली. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "एक शबुद कळवला असता तर मीच आले असते गं." काकांना माझं खोटं कळलं नसेल, तर मी त्यांची शेवटची भेट हिरावून घेतली. आणि कळलं असेल, तर मला उघडं पाडायला नको म्हणून ते जागचे हलले नाहीत. यातलं खरं काय, हे आता कुणाला विचारू? काकूंना मी सगळं सांगितलं. त्या पदरानं पलंगाची कड पुसत राहिल्या. "त्यांचं त्यांना ठाव," एवढंच म्हणाल्या. मला वाटत होतं, त्यांनी मला हाकलून द्यावं.

परवा चार वाजता काकूंनीच कॉम्प्युटर लावायला सांगितला. "घर लई गप्प झालंय. वाच जरा." दांड्याला हात लावणारं कुणी नव्हतं. हेलिकॉप्टर जमिनीवरच उभं होतं, वर पंखा फिरत होता. मी वाचायला लागले. रोटर शंभर. टॉर्क एवढा, तापमान एवढं... काकू आत भाजी निवडत होत्या. अधूनमधून "हां" म्हणत होत्या. मग एक आकडा मी मुद्दाम चुकीचा वाचला, अगदी ढळढळीत चुकीचा, आणि थांबले.

आतून काकूंचा आवाज आला, "पुढं?"

मी पुढचा आकडा वाचला.