ताटावरचे आडवे हात

पाचपावलीत लग्न कुणाच्याही घरचं असो, वाढायला भैय्याजी हवेत हे ठरलेलंच होतं. वीज मंडळात त्यांनी बत्तीस वर्षं लाइनमनची नोकरी केली, पण गल्लीत त्यांची ओळख खांबावरची नव्हती, पंगतीतली होती. बाह्या दुमडून, बुंदीचं ताट घेऊन ते पंगतीत शिरले की जेवणाऱ्यांचे हात आपोआप ताटावर आडवे होत. ताटावर हात आडवे धरणं म्हणजे नकार नव्हे. बोलणं तिथून सुरू होतं. एकदा नाही, दोनदा नाही, तिसऱ्यांदा नवरीच्या नावानं एक मूठ घ्या म्हणायचं आणि बोटांच्या फटीतून बुंदी सोडायची, ही त्यांची रीत. त्यांच्या पंगतीतून अर्धपोटी उठलेला माणूस शोधून सापडला नसता.

घरी मात्र त्यांनी वाढायचं भांडं कधी हाती धरलं नाही. कौसल्याबाई वाढत, आणि सगळ्यांचं आटोपल्यावर उरलंसुरलं घेऊन चुलीपाशी बसत. त्या काय जेवतात, किती जेवतात, हे भैय्याजींनी कधी पाहिलं नव्हतं. पाहायला हवं असं वाटलंही नव्हतं.

१९८५च्या पावसाळ्यात कौसल्याबाईंना विषमज्वर झाला. महिन्याभराने ताप उतरला, पण भूक काही परत आली नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टरांनी बजावलं की औषधाचं काम संपलं. आता पोटात अन्न गेलं नाही, तर पुन्हा अंथरूण धरावं लागेल आणि त्यातून उठवणं माझ्या हाती नसेल.

दिवाळीनंतर मुलाला, अनंतला, बक्षीस लागलं. त्याचं कुहीला पंपांचं दुकान होतं. विक्री चांगली झाली म्हणून कंपनीने दोन माणसांना चार दिवस गोव्यात समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात राहायला बोलावलं होतं. राहणं, नाश्ता, जेवण, चहा, सगळं त्यातच. सुनेचे दिवस भरत आले होते, म्हणून अनंतने आईबाबांनाच पाठवलं. आईला हवापालट होईल आणि चार घास जास्त जातील, एवढाच त्याचा हेतू.

हॉटेल कसलं, गावच होतं ते. नारळाच्या झाडांत पसरलेल्या खोल्या, मधोमध पोहण्याचा तलाव आणि समुद्राकडे तोंड केलेला जेवणाचा हॉल. लांबच लांब टेबलांवर वीस-बावीस पदार्थ मांडलेले, आणि ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यायचे. कौसल्याबाईंनी अर्धा डाव भात घेतला आणि खाली मान घालून खुर्चीवर बसल्या. शंभर माणसांदेखत आपणच आपल्याला वाढून घ्यायचं, हे त्यांना जमेना. मग एक वयस्कर वेटर पुऱ्या घेऊन आला. त्याने विचारलं, दोघांनीही ताटावर हात आडवे धरले. वेटर हसून पुढे गेला.

भैय्याजी त्याच्या दुसऱ्यांदा येण्याची वाट पाहत बसले. तो आला नाही. संध्याकाळी भाजीचं तसंच झालं, दुसऱ्या दिवशी नाश्त्याचंही तसंच. अन्नाचे डोंगर समोर असताना दोघं खोलीत येऊन घरून आणलेला चिवडा काढून बसत. तोही भैय्याजीच खात. कौसल्याबाई हात लावत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या पलंगावरून उठताना भेलकांडल्या. मले घरी न्या, म्हणाल्या, घरी जाऊनच खाईन.

भैय्याजींनी विचारलं, "घरी तरी कुठं खात होती?"

"तुमाले काय माईत माहं खाणं," कौसल्याबाई म्हणाल्या. रागावून नव्हे, साधंच.

दुपारी भैय्याजींनी त्यांना खुर्चीवर बसवलं, बाह्या दुमडल्या आणि टेबलांकडे गेले. तिथे मात्र ते अडले. हिला आवडतं काय? हजार माणसांच्या आवडी तोंडपाठ असलेल्या माणसाला घरच्या एकीची आवड सांगता येईना. शेवटी त्यांनी पुऱ्यांचं आख्खं ताट उचललं, दुसऱ्या हातात कढीचं भांडं घेतलं आणि चालू लागले. वयस्कर वेटर धावत आला, आम्ही आणतो म्हणाला. भैय्याजींनी त्याला सांगितलं की तुम्ही एकदाच विचारता, हे काम एकदा विचारून होत नाही.

"घे वं, अनंतची माय. एक पुरी."

"नको. लोकं पाहून राहिले ना."

"पाहू दे. वाढणाऱ्याले लाजायची सवय नाही. घे."

कौसल्याबाईंनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. आपण वाढत असताना हे हात असे धरलेले भैय्याजी पहिल्यांदाच पाहत होते. बोटं इतकी वाळली होती की फट शोधावी लागली नाही.

"नातवाच्या नावानं," ते म्हणाले, आणि पुरी अलगद खाली सोडली.

कढी कोकमाची होती, गुलाबी, आंबट. कौसल्याबाईंनी वाटीला ओठ लावले, थांबल्या, मग सगळी प्यायल्या आणि वाटी हळूच पुढे सरकवली.

"मले कढीच आवडते," त्या म्हणाल्या. "तुमाले वरण लागते म्हणून वरण करत राहिली."

भैय्याजींनी वाटी भरली. त्या जेवणात दोन पुऱ्या गेल्या, रात्रीच्या जेवणात तीन. वेटरही शिकला, आता तो त्यांच्या टेबलाशी तीनदा विचारूनच पुढे जाई.

चौथ्या दिवशी सकाळी सामान बांधून दोघं नाश्त्याला बसले. वेटर डोसा घेऊन आला आणि त्याने कौसल्याबाईंना विचारलं. भैय्याजी खुर्चीत पुढे सरकले, नातवाचं नाव त्यांच्या ओठांवर तयार होतं.

"द्या," कौसल्याबाई म्हणाल्या, आणि ताट पुढे केलं.

भैय्याजी मागे टेकले. त्यांना बरं वाटलं, आणि थोडी चुटपुटही लागली.