तारेतून गाळलेले शब्द

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लांब वाक्याची भारी चीड. भोकरदनच्या शाळेत ते मराठी शिकवायचे. निबंधातल्या प्रत्येक वाक्याखाली शब्दांचा आकडा टाकायचे, आणि आकडा नवाच्या वर गेला की लाल रेघ. "शब्द मोजा, मंग लिहा," हे त्यांचं पालुपद. घरी मी काही सांगायला लागले तरी त्यांची बोटं चालायची. असा राग यायचा मला! अहो, लेक बोलून राह्यली, जरा ऐका तरी!

त्या उन्हाळ्यात आईला ताप आला तो उतरेचना. डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, मुलाला बोलावून घ्या. दादा, माझा थोरला भाऊ, हैदराबादला नोकरीला होता. आई डोळे उघडले की एकच विचारायची, "आला का गं?" ती आहे तोवर दादा पोचावा, एवढंच आम्हाला हवं होतं.

अण्णांनी तारेचा मजकूर लिहिला. 'आई फार आजारी आहे, पण शुद्धीवर आहे, तुझी वाट पाहते आहे, ताबडतोब निघ.' मग त्यांची पेन्सिल फिरायला लागली. पैशाचा प्रश्न नव्हता, हाताला खोडच तशी. शेवटी उरलं, 'आई सिरियस, ताबडतोब निघ.'

मी म्हटलं, "अण्णा, शुद्धीवर आहे एवढं तरी राहू द्या ना."

"सिरियस म्हणजे माणूस आहेच की. फालतू शब्द कशाला?"

तार गेली. संध्याकाळी शेजारच्या काकू आईला बघायला आल्या. तारेत काय लिहिलं ते मी सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! माणूस गेल्यावरची तार बी अशीच असती की! पोरानं वाटंत हाय खाऊ न्हाई म्हणून समदे सिरियसच लिवतात."

आणि हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं? आजोबा गेले तेव्हा अण्णांना अशीच तार आल्ती. अण्णांनीही हे ऐकलं. सकाळी उठून त्यांनी दुसरी तार केली, चांगली लांबलचक, एक शब्द न मोजता. पण दादा तोवर हैदराबादहून निघाला होता.

मी जालन्याच्या प्रत्येक बसला स्टँडवर जाऊन उभी राहायचे. काखेत अण्णांचं उपरणं. देवा, याची गरज पडू देऊ नको, असं म्हणायचे आणि तरी न्यायचे.

दादा उतरला. डोक्यावर केस नाहीत, मिशी नाही. वाटेत नांदेडला उतरून त्यानं गोदावरीवर सगळं उरकलं होतं.

"दादा, आई आहे. अरे, आहे ती!"

तो तिथंच धुळीत बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. माणसं जमली. मी त्याच्या डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि जवळजवळ ओढतच त्याला घरी आणलं.

आई जागी होती. त्याला बघून ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली हो! लहानपणापासून ती त्याच्या केसांतून हात फिरवायची, तसाच तिनं हात वर नेला, आणि उपरणं सुटून खाली आलं.

"हे काय रे?"

"गर्मी लई होती, आई. काढून टाकले."

"अन् मिशी?"

तिनं दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दारात उभ्या असलेल्या अण्णांकडे. तिचा हात तसाच त्याच्या गुळगुळीत डोक्यावर होता.

"जरा दम धरायचा व्हता की रे, बाळा," ती म्हणाली.