तसली डेव्हलपर नव्हे

ज्या परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर शिकून मी हैदराबादेत पोटाला लागले, ती कंपनी दरवर्षी डेव्हलपरांचा मेळावा भरवायची. पहिल्या वर्षी हॉटेलातल्या हॉलमध्ये आम्ही मोजकीच माणसं होतो. स्टेजवरच्या साहेबांनी सांगितलं, "एवढं शिका, जन्माची चिंता मिटली." वर जेवण आणि एक काळी चामडी बॅग. मी धन्य झाले.

ती बॅग मिरवत गावी, मुडबीला गेले. माझे वडील, आप्पा, जेवत होते.

"कसला मेळावा गं, अक्का?" मला ते लाडाने अक्काच म्हणायचे.

"डेव्हलपरांचा. मीबी आता डेव्हलपरच हाय की."

आप्पांचा घास हातातच राहिला. चूक माझीच. आमच्या भागात डेव्हलपर म्हणजे एकच प्राणी: तुरीच्या रानात पांढरे दगड रोवून प्लॉट पाडणारा, कमान उभारून त्याला नगर म्हणणारा. शेजारचं रान तसंच गेलं होतं.

मी त्यांची एकुलती एक लेक. शेतावर माझं नाव चढवायला तालुक्याला जायचं ठरलं होतं, ते राहिलं. पहाणी, म्हणजे शेताचा कागद, माझ्या नजरेआड झाला. मी बांधावर फिरायला निघाले की मागून हाक यायची.

"कामून पावलं मोजायलीस?"

"मोजत न्हाई आप्पा, नुसती चालायले."

"डेव्हलपरबी आधी नुसता चालतच येतोय."

मी संगणकाचं चित्र काढून दाखवलं, शपथा घेतल्या. पालथ्या घड्यावर पाणी. मी मैत्रिणींना हे हसत सांगायचे, पण मनाला फार लागायचं.

इकडे मेळावा वर्षागणिक फुगत गेला. पडदा मोठा झाला, मग धूर आला, मग कानठळ्या बसवणारं संगीत. साहेब कोट टाकून टी-शर्टवर आले. गेल्या वर्षी जे जन्माला पुरणार होतं, ते यंदा 'जुनं' ठरायचं आणि आम्ही टाळ्या पिटायचो. स्वतःच्याच तेराव्याला एवढ्या आनंदाने जेवणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. बॅगा मात्र उतरत गेल्या. चामड्याचं रेक्झिन झालं, रेक्झिनची कापडी पिशवी. ती घेऊन आप्पा खुशाल बाजाराला जायचे. पिशवी चालायची, लेकीचा धंदा तेवढा चालायचा नाही.

शेवटच्या मेळाव्यात साहेबांनी हसतमुखाने जाहीर केलं, की आमचं सॉफ्टवेअर आता कायमचं बंद. सवयीने आम्ही त्यालाही टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात ऑफिसने मला नारळ दिला.

त्या वर्षी मी मुडबीला हात हलवत गेले.

"पिशवी कुठाय?" आप्पांनी विचारलं.

"संपलं, आप्पा. शिकले ते समदं बंद पडलं. कामावरून काढलं मला."

"म्हंजे आता तू डेव्हलपर न्हाईस?"

"न्हाई," म्हणताना मला रडू फुटलं.

आप्पा उठले. पत्र्याच्या पेटीतून पहिल्या वर्षीची काळी बॅग काढली. एवढी वर्षं मी ती हरवली असंच समजत होते. तिच्यातून घडी घातलेली पहाणी काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"मग हे धर," ते म्हणाले. "उद्या तालुक्याला जाऊ, नाव चढवू. उगी रडू नगं."