ग्लायसीनची चव

पांढरी पूड बुटांवर साठते, तसे आमच्या तळोज्याच्या कारखान्यातले किस्सेही साठतात. झटकले तरी थोडे घरी येतातच.

आम्ही ग्लायसीन बनवतो. सगळ्यांत साधं अमिनो आम्ल. पांढरे स्फटिक, वास नाही, पाण्यात झटकन विरघळतं, अल्कोहोलमध्ये जवळजवळ नाहीच. मी परदेशात शिकून आले होते, पहिल्याच दिवशी कामगारांना हे सगळं उत्साहानं सांगितलं. पूड वाळवायच्या ड्रायरवर हरिभाऊ होते, उरणचे कोळी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्या तळहातावर चिमूटभर पूड ठेवली.

"आता खाऊन बघा. गोड हाय का नाय?"

गोड होती!

*

एका दिवाळीत पॅकिंगवाल्यांनी त्याच पुडीचा पाक करायला घेतला. साखर वितळते, ग्लायसीन वितळायच्या आधीच जळतं. आधी तपकिरी, मग काळं, आणि डोळ्यांतून पाणी काढणारा वास. कँटीनवाला एवढंच म्हणाला, "लाडू नको, माझी कढई द्या."

*

ग्लायसीन तयार होताना त्यात खारट क्षार उरतो. तो अल्कोहोलनं धुऊन काढायचा. नीट धुतलाय की नाही, हे हरिभाऊ जिभेवर ठरवत. गोड लागला तर लॉट पास, खारट लागला तर परत. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत ट्रक निघून गेलेला असे, आणि माल जायचा औषधांच्या कंपनीला. हरिभाऊंचं निवृत्तीचं वय कधीच उलटलं होतं. प्रॉडक्शन मॅनेजर साठे साहेब म्हणायचे, "जीभ चालते तोवर हरिभाऊ आमचे."

*

बायको गेल्यापासून हरिभाऊ डबा स्वतःच करत. एकदा त्यांनी सगळ्यांना बोंबलाचं कालवण वाढलं. पहिल्या घासाला सगळे पाण्याकडे धावले.

"हरिभाऊ, सासऱ्यानं मिठागर दिलं होतं काय?"

ते हसले आणि उरलेलं सगळं निवांत जेवले.

*

ग्लायसीन ज्या आम्लापासून बनतं, तेही पांढरे स्फटिकच. शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. रोडपालीच्या विलासच्या मांडीवर ते आम्ल वितळलेलं असताना उडालं. त्यानं पाणी मारलं, पँट बदलली आणि पुन्हा कामाला लागला. भाजल्याचा डागसुद्धा मोठा नव्हता, पण आम्ल कातडीतून आत भिनलं होतं. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये तो वारला.

त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी नवा माणूस उभा होता. हरिभाऊंनी त्याच्या तळहातावर चिमूटभर पूड ठेवली.

*

मी साठे साहेबांकडे गेले. चाखणं बंद करा म्हटलं. एक दिवस ड्रायरमधून भलतंच काही निघेल. आणि जिभेचा भरवसा काय?

त्यांनी सरळ हरिभाऊंनाच बोलावलं. माझं म्हणणं त्यांना ऐकवलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हीच परीक्षा घ्या. हरिभाऊ चुकले तर चाखणं बंद, आणि हरिभाऊ घरी."

हरिभाऊ म्हणाले, "घरी कोन हाय?"

मी वाटी आणली. वाटीत कँटीनचं बारीक मीठ होतं. हे फक्त मला माहीत होतं. सगळी शिफ्ट दारात उभी होती.

हरिभाऊंनी चिमूट जिभेवर ठेवली. डोळे मिटले.

"गोड हाय."

साठे साहेबांनी वाटी ओढली आणि बोट बुडवून चाखलं. मग हरिभाऊंकडे बघत वाटी त्यांच्या हातात परत दिली.

"गोडच आहे," ते म्हणाले.

हरिभाऊंनी वाटी माझ्यापुढे धरली. "घ्या मॅडम. तुमी बी सांगा."